संपमधलं बायो मीडिया: आधी जिवाणू, मग मासे

संप (मत्स्यटाकीखालची फिल्टर टाकी) बसवला, पंप चालू झाला, पाणी आरशासारखं दिसतंय. तरीही मासे सोडायची घाई करू नका! माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. एका गटातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरासारखे दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. ही वसाहत जमायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात.

टाकीतून उतरणारं पाणी आधी फिल्टर सॉक किंवा स्पंजमधून जाऊ द्या, मगच सिरॅमिक रिंग्जवर, म्हणजे जिवाणू राहतात त्या बायो मीडियावर. गाळ थेट रिंग्जवर बसला की त्यांची बारीक छिद्रं बुजतात आणि जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही. रिटर्न पंप शेवटच्या कप्प्यात. वीज गेल्यावर वरून उतरणारं पाणी मावेल एवढी जागा संपमध्ये रिकामी हवीच.

रिंग्ज नळाखाली कधीही धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. पाणी बदलताना काढलेल्या टाकीच्याच पाण्यात हलक्या हाताने खळबळून घ्या.

टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं, की मासे आणा. तेही थोडे थोडे.