खुबा ताणणारं टेबल

पुण्यात दुर्बिणीतून होणाऱ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचं आता कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. १९६५ साली डॉ. के. एच. संचेती यांनी शिवाजीनगरला रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून हाडांच्या दुखण्यासाठी नगर-सोलापूरकडची माणसंही या शहराची वाट धरतात. खुब्याची दुर्बीण मात्र त्या मानाने अलीकडची आणि मोजक्याच सर्जनांच्या हातातली. या शस्त्रक्रियेचं बोलणं निघालं की कॅमेऱ्याचं, टाक्यांचं, खर्चाचं बोललं जातं. रुग्ण ज्यावर झोपतो त्या ट्रॅक्शन टेबलाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. खरं तर या शस्त्रक्रियेनंतरच्या कितीतरी तक्रारींचं मूळ त्या टेबलात असतं.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या वाटीत खोल बसलेला, भोवती जाड अस्थिबंध आणि आत निर्वात ओढ. न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मनने १९३१ साली मृतदेहांच्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली. खुब्यात गोळा आणि वाटी यांच्या मधल्या फटीत मात्र त्याला शिरता आलं नाही. ती फट आठ ते दहा मिलिमीटर उघडली तरच आत सुरक्षित काम करता येतं आणि त्यासाठी पाय ओढावा लागतो. बर्नच्या राइनहोल्ड गांझ यांनी २००३ मध्ये गोळा आणि वाटीची कड एकमेकांवर आदळण्याचा विकार सविस्तर मांडला. त्यानंतर जगभर तरुण रुग्णांच्या या शस्त्रक्रिया वाढल्या.

बहुतेक ठिकाणी रुग्णाला उताणं झोपवतात. पावलांना जाड अस्तर गुंडाळून ती बुटांत घट्ट बांधतात. जांघेत एक गादीदार खांब असतो, त्याला ओटीत म्हणजे शस्त्रक्रियागृहात ‘पोस्ट’ म्हणतात. पाय खाली ओढला की अंगही खाली घसरू पाहतं, ते या पोस्टला अडतं. पोस्ट निदान नऊ सेंटिमीटर जाड हवा आणि मधोमध न ठेवता ज्या बाजूची शस्त्रक्रिया आहे त्या मांडीला टेकवायला हवा. मग ओढ थोडी बाहेरच्या दिशेने लागते आणि जननेंद्रियांजवळच्या प्युडेंडल नसेवर भार कमी येतो. भुलीने स्नायू पूर्ण सैल झालेले असले की कमी ओढीत काम भागतं. ज्यांचे सांधे मुळातच लवचिक असतात, त्यांना आणखी कमी ओढ पुरते. सुईने सांध्यातली निर्वात पोकळी मोडली की गोळा सुटतो आणि सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर चंद्रकोर दिसते.

पेच इथेच आहे. ओढ कमी पडली तर दुर्बिणीचं टोक कूर्चेला घासतं, सुई वाटीच्या कडेच्या लॅब्रममध्ये घुसते, आणि कूर्चा पुन्हा उगवत नाही. ओढ जास्त झाली किंवा लांबली तर नसा ताणल्या जातात, त्यांचा रक्तपुरवठा घटतो. खुबा फार वाकवून ओढला तर मागची सायटिक नस ताणते. पोस्टखाली चिमटलेल्या त्वचेला सूज येते, रक्त साकळतं, क्वचित कातडी मरते. बूट सैल असेल आणि अवजारं आत असताना पाऊल निसटलं, तर एका क्षणात कूर्चा खरवडली जाते. म्हणून ओढ सुरू झाल्याची वेळ फळ्यावर लिहितात आणि दोन तासांच्या आत ती सोडतात. वाटीतलं काम संपलं की ओढ सैल करून, खुबा थोडा वाकवून गोळ्याच्या बाजूचं हाड घासता येतं. ही शिस्त पाळण्यात सर्जनइतकाच वाटा बूट बांधणाऱ्या ओटी टेक्निशियनचा असतो. माझ्या मते या कामातला सगळ्यात कमी कौतुक झालेला माणूस तोच.

अलीकडे पोस्ट काढूनच टाकण्याकडे कल आहे. पाठीखाली घर्षण देणारी फोमची गादी ठेवायची आणि टेबल डोक्याकडे थोडं उतरतं करायचं. मग अंगाचं वजनच घसरण रोखतं. कोलोरॅडोच्या ओमर मेई-डॅन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अशा १००० शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला, त्यात जांघेतल्या नसेची किंवा त्वचेची इजा नोंदली गेली नाही. या पद्धतीतही पावलांवरचा दाब आणि सायटिक नसेवरचा ताण उरतोच.

नस ताणल्याने किंवा दबल्याने आलेली बधिरता बहुतेकदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जाते. पण ती कुठे असते, याचा विचार आपल्याकडे पुरेसा होत नाही. राउंडला मोठे डॉक्टर, मागे निवासी डॉक्टर, उशाशी आई किंवा सासू उभी. पंचविशीतली मुलगी किंवा मुलगा अशा वेळी ‘जांघेत, खाली काही कळत नाही’ असं कसं सांगणार? ते गप्प राहतात आणि घरी जाऊन घाबरतात. या बधिरतेची शक्यता संमतीपत्रावर सही घेण्याआधी मराठीत, स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. दुसऱ्या दिवशी नातेवाइकांना बाहेर पाठवून नर्सने किंवा डॉक्टरने स्वतःहून विचारलं पाहिजे. डिस्चार्ज कार्डावर खुबा किती मिनिटं ताणलेला होता तेही लिहावं. पंधरा दिवसांनी रुग्ण गावातल्या डॉक्टरकडे बधिरतेची तक्रार घेऊन गेला, तर कारण कुठे शोधायचं ते त्यांना त्या आकड्यावरून कळेल.