पावसाआधीची बेगमी आणि महिन्याचा पगार

राखोलीत महिना सुरू होतो तो पगाराच्या दिवशी, सात ते दहा तारखेच्या दरम्यान. सिल्वासा–खानवेल रस्त्यालगत कारखाने उभे राहिले, तशी महाराष्ट्रातून आलेली अनेक कुटुंबं इथे चाळीतल्या एकेका खोलीत स्थिरावली. पगाराच्या संध्याकाळी दुकानांत गर्दी होते आणि नेमक्या त्याच वेळी ‘दोनावर एक मोफत’, ‘दहा किलो घ्या, दर कमी’ असे फलक समोर येतात. घ्यावं की सोडावं?

बेगमी कशावर उभी होती

साठवण आपल्याला नवी नाही. या भागातल्या वारली, कोकणा घरांत शेणामातीने लिंपलेली बांबूची कणगी असते. भात झोडपून झालं की त्यात पडतं. खाणारी तोंडं किती, पुढचं पीक हाती येईपर्यंत दिवस किती, बियाण्याला वेगळं किती, हे आधी ठरतं. खानदेशात उन्हाळ्यात वर्षाचे गहू, डाळ, लाल मिरची भरतात. गच्चीवर कुरडया, बिबडे वाळतात. मात्र ही बेगमी सुगीच्या पैशावर व्हायची. शेतकऱ्याचा पैसा एकदम यायचा, म्हणून धान्यही एकदम भरलं जायचं. कारखान्यातल्या माणसाचा पैसा बारा तुकड्यांत येतो. वर्षाची बेगमी त्यातल्या एका तुकड्यातून करायला गेलं, की पुढचे वीस दिवस ओढाताण ठरलेली. साठाही तुकड्यातुकड्यानेच भरायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

स्वस्त डाळीचा हिशेब

समजा, घरात महिन्याला दोन किलो तूरडाळ लागते आणि दर १६० रुपये आहे. बारा किलो घेतली तर १४४ रुपयांनी मिळते. किलोमागे सोळा, म्हणजे सहा महिन्यांत १९२ रुपये वाचले. पण आज हातातून गेले १,७२८. एरवी या महिन्यात डाळीला ३२० लागले असते. म्हणजे १,४०८ रुपये जास्तीचे गेले. तेवढ्यात मुलाच्या वह्या निघाल्या, कुणाला ताप आला आणि ही रक्कम शेकडा पाच रुपये महिना व्याजाने उचलावी लागली, तर महिन्याचं व्याज होतं ७० रुपये. तीन महिने मुद्दल फिटली नाही, की २११ रुपये गेले. डाळीने वाचवले त्यापेक्षा जास्त!

तीच डाळ तीन-चार किलो घेतली असती, तर फायदा थोडा झाला असता, पण तो घरात राहिला असता.

साठ्याचा पैसा वेगळा

किराण्याला महिन्याला पाच हजार लागत असतील, तर त्यातले चार-पाचशे एका डब्यात वेगळे ठेवावेत. सवलतीची खरेदी फक्त या डब्यातून. डब्यात नसेल तर ती सवलत आपल्यासाठी नव्हे. आणि साठ्यातली डाळ वापरतो त्या महिन्याचे डाळीचे ३२० रुपये परत डब्यात टाकायचे. बहुतेक घरांत हीच गोष्ट राहून जाते: वाचलेला पैसा भाजीत, रिक्षात विरघळतो आणि पुढची खरेदी पुन्हा पगारातून होते.

डबा पहिल्यांदा भरायला दिवाळीचा बोनस चांगला. कायद्याने पात्र कामगाराला तो किमान ८.३३ टक्के मिळतो, म्हणजे बोनस ज्या पगारावर धरतात त्याचा जवळपास एक महिना. त्यातला थोडाच भाग पुरे.

काय टिकतं, काय नाही

दमणगंगेच्या खोऱ्यात जून ते सप्टेंबर हवेत ओल असते आणि पत्र्याखालच्या खोलीत भिंतीही पाझरतात. रवा, बेसन, मैद्याला जाळी लागते. शेंगदाणे आणि सुकं खोबरं खवट होतं. गुळाला पाणी सुटतं. हे जिन्नस पावसात महिन्यापुरतेच आणावेत, दर कितीही उतरला तरी. गहू आणि तूरडाळ मे महिन्यात कडकडीत ऊन देऊन, एरंडेल चोळून, घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवली तर पाऊस काढतात. पिंप जमिनीवर टेकू नये. खाली फळी किंवा दोन विटा हव्यात. तांदळात वाळलेला कडुलिंबाचा पाला घालतात, तरी अधूनमधून टोके पाहावेतच. अंगाची आणि कपड्यांची साबणं मात्र खुशाल साठवा, कोरड्या जागी.

पाकिटावर आता बहुधा ग्रॅमचा किंवा किलोचा दरही छापलेला असतो. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतंच असं नाही, तेव्हा तो आकडा आधी वाचावा.

गावाकडचं आणि रेशनचं

मे महिन्यात गावाहून येताना धान्याचं पोतं येतंच. रेशनकार्ड गावचं असलं तरी ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत दुसऱ्या राज्यातल्या रास्त भाव दुकानातून आपल्या वाट्याचं धान्य घेता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो, २०२३ पासून मोफत. पोतं आणि रेशन मिळून किती महिने निघतात, हे महिन्याच्या किराण्याच्या यादीत सगळ्यात वर लिहावं. मग तांदळाच्या फलकापुढे थांबायचं कारणच उरत नाही. पिशवी घेऊन थेट तेलाकडे जाता येतं.