धनिय गोपाचे कोडे : ‘मी कोण?’

गावात अनोळखी माणूस आला की त्याला पहिले दोन प्रश्न विचारले जातात : आपण कोण, आणि काय करता? प्रश्न वरवर अगदी साधे आहेत. परंतु या प्रश्नांच्या उत्तरावरून ज्यांना ओसरीवर बसवावयाचे की अंगणाबाहेर उभे करावयाचे हे ठरविले जात असे, त्यांना त्या प्रश्नांचे वजन समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. धंदा विचारला म्हणजे जात कळे, आणि जात कळली म्हणजे पुढील सर्व काही ठरे.

सुत्तनिपातात याच दोन प्रश्नांची उत्तरे दोन पुरुष एकाच यमकात देतात. एक गुराखी आहे आणि दुसरे स्वतः तथागत. ऐकणाऱ्याच्या कानाला दोघांची उत्तरे जवळजवळ सारखी वाटतात, अर्थ मात्र दोन टोकांना जातात. म्हणूनच या सुत्ताला आम्ही कोडे म्हणतो. ते कसे सोडवावयाचे आणि कसे सोडवू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

धनियसुत्त हे खुद्दकनिकायातील सुत्तनिपाताच्या उरगवग्गातील दुसरे सुत्त होय. त्यात 17 गाथा आहेत. मही नदीच्या काठी धनिय नावाचा सधन गोपाल आपल्या गाईवासरांसह राहत आहे. ही मही म्हणजे पालि ग्रंथांत गंगा, यमुना, अचिरवती व सरभू यांच्याबरोबर जिची गणना होते ती महानदी. पावसाळा तोंडावर आला आहे. धनियाची सर्व तयारी झाली आहे, आणि त्या समाधानात तो पावसाला खुशाल पडण्यास सांगतो. तथागतही शेवटी पावसाला तेच सांगतात. दोघेही निर्भय आहेत, पण दोघांच्या निर्भयतेचे कारण एक नाही. ही दोन कारणे कोणती, हेच कोडे.

एका वर्षावासात भंडारा जिल्ह्यातील दिघोरी येथे उपासक-उपासिकांसमोर हे सुत्त वाचण्याचा योग आम्हांस आला. दिवस रोवणीचे होते. बांध्या पाण्याने भरल्या होत्या आणि दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या स्त्रिया सायंकाळी विहारात येऊन बसल्या होत्या. पाऊस, धान, गुरे आणि छप्पर यांची भाषा त्यांना शिकवावी लागणार नव्हती. आम्ही पहिल्या गाथेतील ‘दुद्धखीरो’ हा शब्द उच्चारताच समोरून ‘सुजातेची खीर!’ असे उत्तर आले. उत्तर चुकीचे होते, तरी कान बरोबर होता. पालीत ‘खीर’ म्हणजे दूध, आणि ‘दुद्ध’ म्हणजे दोहलेले. ज्याने गाईंचे दूध काढून ठेवले आहे तो दुद्धखीर. आपले ‘दूध’ आणि आपली ‘खीर’ हे दोन्ही शब्द याच कुळातून आले आहेत.

आता शब्दांच्या जोड्या पाहू. धनिय स्वतःला ‘पक्कोदनो’ म्हणवितो. ‘ओदन’ म्हणजे भात. ज्याचा भात शिजून तयार आहे असा. तथागत स्वतःला ‘अक्कोधनो’ म्हणतात, म्हणजे ज्याच्या ठायी क्रोध नाही असा. ‘प’ गळाला आणि ‘द’चा ‘ध’ झाला, एवढाच काय तो ध्वनीचा फरक. धनियाच्या ‘दुद्धखीरो’ला तथागतांचे उत्तर ‘विगतखिलो’ असे आहे. ‘खिल’ म्हणजे नांगर न लागलेली, टणक, पडीक जमीन. मज्झिमनिकायातील चेतोखिलसुत्तात चित्ताच्या अशा पाच पडीक जागा सांगितल्या आहेत : बुद्ध, धम्म, संघ व शिक्षा यांविषयी संशय, आणि सहब्रह्मचाऱ्यांविषयी राग. ज्याच्या चित्तातील हा टणकपणा गेला तो विगतखिल.

पुढे यमक मागे पडते आणि अर्थांची उलटापालट सुरू होते. धनिय नदीकाठी आपल्या माणसांसह कायमचा राहणारा आहे, तर तथागतांचा तेथे एका रात्रीचा मुक्काम आहे. धनियाची कुटी शाकारलेली आहे, तथागतांची उघडी. धनियाचा अग्नी पेटलेला, तथागतांचा विझलेला. विझलेल्या अग्नीसाठी जो ‘निब्बुत’ शब्द आला आहे, त्याचे ‘निब्बान’ या शब्दाशी असलेले नाते आमच्या वाचकांच्या ध्यानी येईलच. कोड्याची किल्ली येथेच आहे. ‘कुटी’ हा शब्द धनियाच्या तोंडी झोपडी आहे. अट्ठकथेनुसार तथागतांच्या तोंडी ते हे शरीर आहे. आणि अग्नी हा चुलीतला नसून राग, द्वेष व मोह यांचा आहे. शब्द तोच ठेवून अर्थ दुसऱ्या भूमीवर नेला की उत्तर सापडते.

येथे भाषेविषयी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हीच पहिली जोडी संस्कृतात मांडली तर ‘पक्वौदन’ आणि ‘अक्रोधन’ असे शब्द येतील आणि यमक मोडून पडेल. पालीत ‘क्व’ आणि ‘क्र’ या दोन्ही जोडाक्षरांचे ‘क्क’ होते, म्हणून ‘पक्क’ आणि ‘अक्क’ एकमेकांस जुळतात. हे कोडे लोकभाषेतच घडू शकते. गुराख्याला त्याच्याच बोलीत, त्याच्याच धंद्याच्या शब्दांत उत्तर देणे, हा येथे केवळ अलंकार राहत नाही. तो समोरच्या माणसाला समान मानून केलेला संवाद ठरतो. धर्मानंद कोसंबी यांनी सुत्तनिपाताचे मराठी भाषांतर केल्यामुळे अर्थ आपल्या हाती आला आहे. नाद ऐकण्यासाठी मात्र मूळ पालि मोठ्याने वाचली पाहिजे.

दिघोरीच्या त्या सभेत एका वृद्ध उपासिकेने विचारलेला प्रश्न आम्ही विसरू शकत नाही. त्या म्हणाल्या, “आमचं छप्पर तं जनमभर उघडंच होतं, चूलबी किती रात्री विझलेलीच राहे. मंग आमाले कोनी मोठं काहून नाही म्हटलं?” सभा क्षणभर स्तब्ध झाली. प्रश्न योग्य होता. उघडी कुटी आणि विझलेला अग्नी यांचा शब्दशः अर्थ घेतला तर हे सुत्त दारिद्र्याचे स्तोत्र ठरेल, आणि ज्यांनी गरिबांना गरिबीतच समाधान मानावयास सांगितले त्यांच्या हाती ते आयते शस्त्र होईल.

परंतु शब्दशः अर्थ घेणे म्हणजे कोडे न सोडविणे होय. तथागत धनियाला छप्पर मोडावयास सांगत नाहीत, की भात सांडावयास सांगत नाहीत. गृहस्थांविषयी त्यांचे म्हणणे काय होते, हे अंगुत्तरनिकायातील दीघजाणूला केलेल्या उपदेशात स्पष्ट आहे : उद्योगाने व न्यायाने धन मिळवावे, मिळविलेल्याचे रक्षण करावे, कल्याणमित्रांची संगत धरावी आणि आपल्या मिळकतीच्या प्रमाणात खर्च करावा. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1950 मध्ये महाबोधी सभेच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात धर्माच्या ज्या कसोट्या मांडल्या, त्यांपैकी एक हीच की, धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये. त्या उपासिकेच्या घराचे उघडे छप्पर हा अन्याय होता. तथागतांची उघडी कुटी ही आसक्तीच्या आच्छादनातून केलेली सुटका आहे. या दोहोंसाठी शब्द एक असला तरी वस्तू एक नाही.

आता धंद्याकडे वळू. धनिय अभिमानाने सांगतो की, मी स्वतःच्या कमाईवर जगतो. माझी मुले निरोगी असून माझ्याजवळ आहेत. तथागत उत्तर देतात की, मी कोणाचाही ‘भतक’ नाही. ‘भतक’ म्हणजे वेतनावर राखलेला माणूस, आपल्याकडील सालदार. धनिय सालदार नाही, कारण तो धनी आहे. तथागत सालदार नाहीत, कारण त्यांना वेतनाची गरजच उरलेली नाही. पुढे धनिय म्हणतो की, गुरांचे खुंटे घट्ट रोवलेले आहेत आणि दोर नवे आहेत. खुंट्यांसाठी आलेला ‘खील’ शब्द ऐकताच मागील ‘विगतखिलो’ आठवल्यावाचून राहत नाही. तथागतांचे उत्तर बंधने तोडणाऱ्या बैलाचे आहे. गुराख्याला याहून चटकन समजेल अशी दुसरी उपमा कोणती?

या दोन उत्तरांत जन्माचा उल्लेख कोठेही नाही, हे ध्यानात ठेवावे. धनिय आपले कूळ सांगत नाही आणि तथागतही शाक्यकुळाचे नाव घेत नाहीत. याच ग्रंथातील वासेट्ठसुत्तात हे तत्त्व उघडपणे येते. गोरक्षणावर जगणारा तो शेतकरी, शिल्पावर जगणारा तो कारागीर, व्यापारावर जगणारा तो वाणी. आणि पौरोहित्यावर जगणारा तो याजक, तो काही ब्राह्मण नव्हे. माणूस कम्माने ओळखला जातो. ‘कम्म’ म्हणजे धंदा आणि ‘कम्म’ म्हणजे आचरण, हे दोन्ही अर्थ तेथे एकत्र नांदतात. धंदा बदलता येतो, आचरण सुधारता येते. जन्माला चिकटविलेली ओळख मात्र माणसाला खुंट्याला बांधून ठेवते.

सुत्ताच्या शेवटी पाऊस कोसळतो, सखल व उंच सारी भूमी भरून जाते, आणि धनिय आपल्या पत्नीसह शरण जातो. तेव्हा मार म्हणतो की, पुत्रवानाला पुत्रांपासून आणि गोधनवानाला गाईंपासून आनंद मिळतो; ‘उपधि’ हाच माणसाचा आनंद. तथागत तेच शब्द घेऊन सांगतात की, त्यांच्यापासूनच शोक होतो. उपधि हाच माणसाचा शोक. मराठीत ‘उपाधी’ म्हणजे मोठेपणाची पदवी, आणि ‘नसती उपाधी’ म्हणजे मागे लागलेला त्रास. आपल्या बोलीने हे कोडे आपल्या परीने केव्हाच सोडवून ठेवले आहे. यापुढे कोणी ‘आपण कोण?’ असे विचारले, तर आपल्याजवळ काय आहे हे सांगण्यापूर्वी आपल्यातून काय गेले आहे, हे एकदा मनाशी तपासून पाहावे.