केमिकल इंजिनिअरची पदवी आणि तिचें ऋण



हिंगोलीहून वाशिमकडे जाणाऱ्या सडकेवर, दोन जिल्ह्यांच्या शिवेजवळ, कनेरगांव नाका हें गांव आहे. एके काळीं हिंगोलीचा मुलूख निजामाच्या राज्यांत मोडत असे व वाशिमचा वऱ्हाडांत. नाका म्हटला कीं थांबावयाचें, जकात भरावयाची आणि मग पुढें जावयाचें. विद्येच्या वाटेवरहि आज असाच एक नाका उभा आहे; त्याचें नांव शिक्षणकर्ज. या गांवांतील एखादा शेतकरी आपल्या मुलास केमिकल इंजिनिअर करूं म्हणेल, तर त्याला या नाक्यावर काय भरावें लागेल, आणि पलीकडे गेल्यावर मुलाच्या हातीं काय पडेल, याचा हिशेब आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. शहरांतील सुशिक्षित घरांचा प्रश्नहि याहून फारसा निराळा नाहीं.

ही विद्या महाराष्ट्रास नवी नव्हे. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्येचा विभाग १९३३ सालीं निघाला. नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण यांनीं मृत्युपत्रानें ठेविलेल्या देणगींतून १९४२ सालीं उभी राहिली. हिंगोलीकरांस जवळचें म्हणजे नांदेडचें श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय. तें १९८१ सालचें. सरकारी संस्थेंत फी त्या मानानें बेताची असते, खासगी संस्थेंत ती बरीच वाढते. शिवाय वसतिगृह, खानावळ व पुस्तकें यांचा खर्च दोन्हींकडे आहेच.

समजा, बापानें दरसाल एक लाखाप्रमाणें चार वर्षांत चार लाखांचें कर्ज काढलें, व व्याजाचा दर शेंकडा दहा आहे. मुलगा शिकत असतां, आणि पदवीनंतर सामान्यतः आणखी एक वर्ष, बँक हप्ता मागत नाहीं. हा काळ बिनव्याजी असतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाहीं. पहिल्या लाखावर पांच वर्षांचें व्याज ५०,००० रुपये, दुसऱ्यावर ४०,०००, तिसऱ्यावर ३०,००० व चौथ्यावर २०,००० असें सरळव्याजानेंच १,४०,००० रुपये सांचतात. परतफेडीच्या पहिल्या दिवशीं कर्ज ५,४०,००० रुपये झालेलें असतें. तें दहा वर्षांत फेडावयाचें तर दरमहा सुमारें ७,१४० रुपये हप्ता पडतो. पंधरा वर्षांत फेडावयाचें तर सुमारें ५,८०० रुपये. दुसरा हप्ता हलका वाटतो खरा. परंतु पहिल्या रीतीनें एकूण साडेआठ लाखांहून थोडें अधिक द्यावें लागतें, तर दुसऱ्या रीतीनें जवळजवळ साडेदहा लाख.

या ओझ्यास उतार नाहीं असें मात्र नाहीं. ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आंत आहे, त्यासाठीं केंद्र सरकारनें २००९ पासून व्याज-अनुदानाची योजना ठेविली आहे. मान्यताप्राप्त संस्थेंतील तांत्रिक शिक्षणास ती लागू पडली, तर या सवलतीच्या काळांतलें व्याज सरकार भरतें, आणि आपल्या उदाहरणांतला दहा वर्षांचा हप्ता ७,१४० वरून सुमारें ५,२९० वर येतो. २०१५ पासूनच्या हमी-योजनेखालीं साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास जमीन तारण द्यावी लागत नाहीं. आणि मुलगी शिकणार असेल, तर राज्य सरकारच्या २०२४ च्या निर्णयानें, आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास वर्गांतील मुलींस शिक्षणशुल्क माफ आहे. हे अर्ज वेळेवर करणें हीच पहिली बचत होय.

आतां मिळकतीकडे वळूं. रासायनिक कारखाने तळोजा, तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ येथें, किंवा गुजरातेंत दहेज-अंकलेश्वरकडे एकवटलेले आहेत. कनेरगांवाहून ते दूर. म्हणजे पहिल्या पगारांतून प्रथम खोलीभाडें व खानावळ जाणार, मग हप्ता. शिवाय पुष्कळांस आरंभीं शिकाऊ उमेदवार म्हणूनच घेतात. पदवीधर उमेदवारास दरमहा किमान ९,००० रुपये द्यावे, असें २०१९ च्या नियमांनीं ठरविलें होतें. त्यांतून ७,१४० चा हप्ता गेला तर मुलानें खावें काय? अनुभव आल्यावर पगार चढतो. गेट परीक्षेंत उत्तम गुण मिळविणाऱ्यांस कांहीं सरकारी तेल-कंपन्यांचीं दारेंहि उघडतात. परंतु हा चढ हळूहळू येतो, आणि हप्ता मात्र पहिल्याच महिन्यापासून पुरा भरावा लागतो.

महाविद्यालयांच्या जाहिरातींत सरासरी पगार छापलेला असतो. तो सावधपणें वाचावा. दहा मुलांपैकीं नवांना २५,००० रुपये व एकाला दीड लाख मिळाले, तर सरासरी ३७,५०० होते. पण तेवढा पगार त्या दहांपैकीं एकालाहि मिळालेला नसतो! यास्तव सरासरी न विचारतां मधल्या मुलाचा पगार विचारावा. ज्यांस नोकरी लागली नाहीं ते हिशेबांत धरले कीं नाहीं हें विचारावें. आणि वार्षिक पॅकेजांतून भविष्यनिर्वाह निधि वगैरे वजा जाऊन हातांत किती येतें, तेंहि विचारावें.

माझें सांगणें इतकेंच कीं, कर्जाचें माप पदवीच्या नांवावरून घेऊं नये. पहिल्या दोन वर्षांच्या पगारावरून घ्यावें. हातीं येणाऱ्या रकमेच्या चौथ्या हिश्शाहून हप्ता मोठा होईलसें दिसलें, तर कमी फीची संस्था पाहावी, किंवा मुलगा शिकत असतांनाच व्याज तेवढें दरमहा भरीत जावें. या कर्जावर सामान्यतः मुलाबरोबर बापाचीहि सही असते. हप्ते थकले तर त्याची नोंद दोघांच्याहि नांवावर चढते, आणि उद्यां धाकट्या मुलीच्या शिक्षणासाठीं तोच बाप बँकेंत गेला, तर ती नोंद आडवी येऊं शकते. थोरल्यासाठीं केलेला हिशेब हा असा धाकटीसाठींहि असतो. म्हणून नाक्यावर जकात किती बसणार, हें गाडी जुंपण्यापूर्वींच घरीं बसून मोजलेलें बरें.