रुग्ण बालकांच्या संशोधनसंस्थेचा कारभार

पेढीच्या रोजमेळात एका रुपयाचा फरक आला, तरी तो सापडेपर्यंत आम्ही व्यापारी लोक बैठक सोडत नाही. परंतु हाच काटेकोरपणा दिलेल्या देणगीच्या बाबतीत ठेवतो काय? इस्पितळाच्या भिंतीवर संगमरवरी पाटी लागली की आपले कर्तव्य संपले, अशीच बहुधा आमची समजूत असते. असाध्य रोगाने पीडित बालकांविषयीच्या संशोधनास पैसा द्यावयाचा असेल, तर ही समजूत सोडावीच लागेल. तेथे ज्याचे हित पणाला लागते ते बालक तक्रार करू शकत नाही. आणि दुःखाने खचलेले मायबाप कोणाला जाब विचारण्याच्या स्थितीत नसतात.

रोग बरा होण्याजोगा नसला तरी वेदना, धाप, भीती यांचे शमन करावयाचे व कुटुंबालाही आधार द्यावयाचा, यास उपशामक शुश्रूषा म्हणतात. ती केवळ अखेरच्या दिवसांपुरती नसते. रोगाचे निदान झाल्यापासूनच तिचा आरंभ व्हावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. इंग्लंडात अशा बालकांसाठी पहिले शुश्रूषागृह, हेलन हाउस, १९८२ साली ऑक्सफर्ड येथे निघाले. १९८७ साली यॉर्कशायरमधील बॉस्टन स्पा येथे मार्टिन हाउस सुरू झाले आणि पुढे त्याच्या सहकार्याने यॉर्क विद्यापीठात याच नावाचे संशोधन केंद्र उभे राहिले. अशा केंद्राच्या कारभाराचे मर्म एका वाक्यात सांगता येईल : ज्याच्या हाती तागडी, त्याच्या हाती वही नसावी.

प्रथम पैशाचे पाहू. शुश्रूषागृह हा धर्मादाय न्यास असतो. त्याचे विश्वस्त सामान्यतः वेतन घेत नाहीत. वर्षाचा हिशेब वर्षअखेरीपासून दहा महिन्यांच्या आत धर्मादाय आयोगाकडे जातो व तो कोणासही पाहता येतो. संशोधक मात्र विद्यापीठाचे सेवक असतात. त्यामुळे देणगीदाराने विषयाला साहाय्य करावे, निष्कर्ष ठरवू नये, ही मर्यादा पाळणे सुकर होते.

दुसरी गोष्ट परवानगीची. सरकारी आरोग्यसेवेतील रुग्णांविषयी संशोधन करावयाचे, तर स्वतंत्र नीतिसमितीची संमती लागते. या समितीत जास्तीत जास्त अठरा सभासद असतात व त्यांपैकी किमान एक तृतीयांश सामान्य नागरिक असावे लागतात. या कडक शिस्तीला कटू अनुभवाची पार्श्वभूमी आहे. लिव्हरपूलच्या आल्डर हे बालरुग्णालयात १९८८ ते १९९५ या काळात मृत बालकांचे अवयव मायबापांच्या नकळत काढून ठेवण्यात आले होते. २००१ सालच्या चौकशी अहवालाने ते उघड केले, आणि २००४ साली संमती अनिवार्य करणारा कायदा झाला.

तिसरा हात कुटुंबांचा. यॉर्कच्या केंद्राने पालकांचे सल्लागार मंडळ नेमले. त्यात ज्यांचे मूल निवर्तले आहे असे पालकही घेतले. कोणता प्रश्न अभ्यासण्याजोगा आहे, प्रश्नावलीतील कोणता शब्द जिव्हारी लागेल, मूल गेल्यावर किती काळाने घरी पत्र धाडावे, हे असे पालक जितके जाणतात तितके कोणताही पंडित जाणत नाही. शिवाय अतिदयेचाही एक दोष असतो. ‘या दुःखी माणसांना काही विचारूच नका’ असे म्हणून दार लावून घेतले, तर लहान मुलाच्या वेदना कशाने शमतात हे ज्ञान वाढणारच नाही. अनेक पालकांना आपले अनुभव सांगावयाचे असतात. ते विचारण्याची रीत तेवढी सभ्य हवी.

आपल्या देशातही या दिशेने नियम झाले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीखेरीज सात ते बारा वर्षांच्या बालकाचा तोंडी व त्यापुढे अठरा वर्षांपर्यंत लेखी होकार घ्यावा लागतो. नव्या औषधांच्या चाचण्यांसंबंधी २०१९ सालच्या नियमांप्रमाणे नीतिसमितीत किमान सात सभासद असावेत, व त्यांपैकी निम्मे संस्थेबाहेरचे असावेत.

म्हणून आमच्या सभासद बंधुभगिनींना विनंती, की अशा कार्यास सढळ हाताने द्यावे. परंतु देण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हिशेब कोण तपासतो? परवानगी कोण देतो? आणि मायबापांपैकी कोणास मंडळावर जागा आहे काय? तिन्ही उत्तरांत एकच नाव आले, तर थैलीचे तोंड उघडण्यापूर्वी थोडे थांबावे, हेच श्रेयस्कर.