आवाज बसला, तर हंगाम संपायची वाट पाहू नका
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर लागण, खोडवा, खतांचे हप्ते हे विषय नेहमी येतात. या अंकात पिकाऐवजी पिकवणाऱ्याच्या घशाबद्दल लिहीत आहे. कारण गळीत हंगामात बांधावर नि गाडीतळावर फिरताना दरवर्षी एकच बोलणे कानावर येते.

"आवाज का बसलाय?"
"धुरळ्यानं, साहेब."
"किती दिवस झालं?"
"दिवाळीपासनं."
"दवाखान्यात दाखवलं का?"
"हंगाम संपू द्या, मग बघू."

आणि बोलणाऱ्याच्या कानामागे बिडी खोचलेली असते.

धूर घशात काय करतो?

कंठमण्याच्या मागे स्वरयंत्र असते. त्यातले दोन स्वरतंतू जवळ येऊन थरथरतात, तेव्हा आवाज निघतो. फुप्फुसात जाणारा सगळा धूर याच अरुंद वाटेने जातो. श्वासनलिकेच्या अस्तरावर केसांपेक्षाही बारीक तंतू असतात. ते धूळ व कफ वर लोटतात. धुराने त्यांचे काम मंदावते, कफ साचतो आणि माणूस सकाळी उठून खाकरत बसतो. वर्षानुवर्षे धूर लागला की स्वरतंतूंना सूज येते, आवाज जाड व घोगरा होतो. काहींच्या स्वरतंतूंवर पांढरा चट्टा उमटतो. असा प्रत्येक चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे, पण काहींत पुढे तो होतो.

"बिडी म्हणजे झाडाचं पान, सिगारेटपेक्षा बरी" हा समज खोटा आहे. ओढत राहिली नाही तर बिडी विझते, म्हणून झुरके जास्त घ्यावे लागतात. जोडीला दारू असेल तर धोका कितीतरी पटीने वाढतो.

डॉक्टरांना काय कळते?

पुष्कळजण बोलणी बसतील म्हणून दवाखाना टाळतात. नुसत्या लाल घशावरून बिडी ओढतो असे खात्रीने सांगता येत नाही. सर्दीने किंवा आम्लपित्तानेही घसा लाल होतो. लघवी, लाळ वा रक्तातील कोटिनिन तपासले तर गेल्या काही दिवसांत तंबाखू घेतल्याचे कळते. पण डॉक्टरांना चोर पकडायचा नसतो, रोग पकडायचा असतो. तेव्हा किती वर्षे, दिवसाला किती, हे खरे सांगावे.

तोंडात बॅटरी मारून स्वरतंतू दिसत नाहीत. त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ लांब दांड्याचा छोटा आरसा वापरतात. १८५४ साली मानुएल गार्सिया या गायनशिक्षकाने आरशाच्या साहाय्याने स्वतःचेच स्वरतंतू पाहिले होते. आता नाकातून बारीक लवचिक दुर्बीणही घालतात. काही मिनिटांचे काम, पूर्ण भूल लागत नाही. संशय आला तर तुकडा काढून तपासतात. रोग कुठवर गेला आहे हे सीटी स्कॅनवर दिसते.

पुढीलपैकी काही असल्यास दाखवावेच:

१. तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज
२. घास गिळताना दुखणे किंवा अडकणे
३. मानेत गाठ
४. कान निरोगी असूनही एका बाजूचा कान ठणकणे
५. थुंकीत रक्त, धाप किंवा विनाकारण घटलेले वजन

साध्या धुरळ्याने बसलेला आवाज आठ-पंधरा दिवसांत सुटतो. दिवाळीत बसलेला संक्रांतीला सुटत नसेल, तर दोष धुरळ्याला देऊ नये.

वेळेचे महत्त्व

उसात काणीचा चाबूक दिसला की आपण त्यावर पोते घालून ते बेट त्याच दिवशी उपटतो. तोडणीपर्यंत थांबत नाही. इथेही तसेच आहे. स्वरतंतूचा कर्करोग आवाज लवकर बिघडवतो, म्हणून लवकर सापडू शकतो. सुरुवातीला किरणोपचार किंवा लेसरने दहापैकी नऊच्या आसपास रोगी बरे होतात आणि आवाजही बहुधा टिकतो. उशीर झाला तर स्वरयंत्रच काढावे लागू शकते. मग गळ्यातल्या छिद्रातून श्वास घ्यावा लागतो. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात, त्याची चौकशी करावी.

बिडी सोडल्याचा गुण कोणत्याही वयात येतो. पाच ते दहा वर्षांत घशाच्या कर्करोगाचा धोका निम्म्यावर येतो. सोडायला मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

घरच्या माउलींना विनंती, की धन्याचा आवाज बदललेला आधी तुम्हालाच कळतो. त्यांना दवाखान्यात धाडा. उसाची एक पाळी मागे-पुढे झाली तर निभावते. घशाचे तसे नाही.