राजापूरच्या बंधाऱ्यावर पाण्याचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी राजापूर हे लहानसे गाव आहे. येथील बंधारा ओलांडला की थोड्याच अंतरावर नदी कर्नाटकात जाते. पावसाळा सरला की बंधाऱ्याच्या खाचांत बरगे बसवून पाणी अडवतात. उन्हाळ्यात पात्र आटले की खालचे गाववाले म्हणतात, बरगे काढा. वरचे म्हणतात, हात लावू नका. ऊस दोन्हीकडे वाळत असतो. पावसाळ्यात भांडण उलटे होते. 2005 आणि 2019 च्या महापुरात शिरोळ तालुका पाण्याखाली गेला, तेव्हा लोकांनी बोट दाखवले ते कर्नाटकातील अलमट्टी धरणाकडे.

वाचकहो, अशा तंट्यांसाठी घटनेत 262 वे कलम आहे. त्याच्या आधारे संसदेने 1956 साली कायदा केला. 1969 साली कृष्णेसाठी बच्छावत लवाद नेमला गेला. त्याने 2060 टीएमसी पाण्याची वाटणी केली : महाराष्ट्र 560, कर्नाटक 700 आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश 800.

ही झाली राज्यांची वाटणी. घराघरांची कोणी करायची? आम्ही कारकुनी करणारी माणसे, म्हणून आकडेमोड करून पाहिली. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2832 कोटी लिटर. 2019 च्या जल जीवन मिशनने खेड्यात माणशी रोज 55 लिटर पाणी धरले आहे. या मापाने एका टीएमसीत 14 लाख माणसांची वर्षभराची घरगुती गरज भागते. म्हणजे कृष्णेत पिण्यापुरते पाणी नाही असे नाही. खरी ओढाताण शेतीच्या पाण्याची आहे. ज्याची जमीन त्याची मोटार, आणि ज्याची मोटार त्याचे पाणी. भूमिहीन मजुराचे नाव या हिशेबात कोठे आहे? सीमेच्या अलीकडे असो वा पलीकडे, नळ आटला की त्याच्याच घरातल्या बाईला हंडा घेऊन वणवण करावी लागते.

1987 च्या राष्ट्रीय जलनीतीने पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम दिला. तो कागदावर राहू नये. नदीकाठच्या आपल्या बांधवांनी, विशेषतः भगिनींनी, ग्रामसभेत उभे राहून विचारावे : उन्हाळ्यात नळयोजनेसाठी किती पाणी राखले आहे? आपल्या वस्तीला ते कोणत्या दिवशी, किती वेळ मिळणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. बरगे काढायचे की ठेवायचे, हा वाद त्यानंतर होऊ द्या.